फौजेतला ट्रेलर आणि मलकप्पा मामा

मलकप्पा मामांची मला पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांची. अक्कलकोट रोडला एका भंगारवाल्याच्या आवारात मी फौजेतला जुना ट्रेलर बघायला गेले होते. दोन चाकांचा, हिरवागार रंग दिलेला, पिकअपमागे जोडता येईल असा. मी तो मनातल्या मनात घेऊनही टाकला होता. जवळ जाऊन बघते तर ट्रेलरखालून दोन भेगाळलेले पाय बाहेर आलेले आणि आतून ठकठक आवाज. "कोण आहे खाली?" मी दरडावून विचारलं. खालून शांत आवाज आला, "ह्यो घेऊ नका, अक्का. ह्यो नुसता रंगीवलाय."

मग साठी ओलांडलेला एक काटकुळा माणूस पाठ झाडत बाहेर आला. त्याने चाकूच्या टोकाने ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचा रंग खरवडला. खाली वितभर चीर होती, वेल्डिंगने बुजवलेली. भंगारवाला चिडला. "मामा, तुम्ही बोल्ट न्यायला आला होता ना? बोल्ट घ्या आन् निघा." मामांनी बोल्ट खिशात टाकला आणि निघायचं सोडून मला आवाराच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे दुसरा ट्रेलर होता, गंजलेला, टायर बसलेले. मामा त्याच्याही खाली शिरले, हातोडीने ठोकत कान लावून ऐकत राहिले. "वरनं बगितलं तर समद्या गाड्या नवरीवानी दिसत्यात," ते म्हणाले. "खाली शिराय पायजे. ह्येचा गंज वरचा हाय, हाड चांगलं हाय."

एवढ्यावरही त्यांनी मला तो घेऊ दिला नाही. आधी फौजेच्या लिलावाचा कागद मागितला आणि त्यावरचा नंबर ट्रेलरच्या पट्टीवरच्या नंबराशी दोनदा ताडून बघितला. "कागूद न्हाय तर नुसतं लोखंड हाय," हे त्यांचं म्हणणं. मामा फौजेच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होते, गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर कुंभारीत घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते तेच करत होते. माझी रोपवाटिका त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि एवढ्या वर्षांत मला हा माणूस ठाऊक नव्हता!

मला ट्रेलर हवा होता तो हौसेखातर नाही. आमच्या ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवणं कायमचं बंद झालं. रोपं पोचवायचं काम माझ्यावर आलं. पिकअपमध्ये रोपं मावत नव्हती, आणि भाड्याचे टेम्पोवाले ती पोती टाकावी तशी टाकायचे. अर्धी पिचलेली रोपं बघून गिऱ्हाईक पुन्हा येत नसे. रोपवाटिका चालली तरच आमचं घर चालणार होतं. नातेवाइकांनी तोंडावर हसून घेतलं. "बाई माणूस ट्रेलर ओढणार!" मी तापट आहे. हसणाऱ्यांना दाखवायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

नंबर जुळला, मी पैसे मोजले आणि ट्रेलर मामांच्या शेडवर आला. मामांना मात्र कसलीच घाई नव्हती. चाकांचे बेअरिंग काढून धुतले, ग्रीस भरलं, नवे टायर घालायला लावले, ब्रेक सोडवले. हूक त्यांनी पिकअपच्या बंपरला न लावता खालच्या चासीला बसवला. आरटीओचे सोपस्कार करायला माझ्याबरोबर तेही रांगेत उभे राहिले. मी रोज शेडवर जाऊन विचारायचे, "झालं का?" ते म्हणायचे, "घाई हाय त्येनं चालत जावं." मामी आतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून माझ्यापुढे ठेवायच्या आणि नवऱ्याला कानडीत काहीतरी सुनवायच्या. मामा हसून "साक, साक" म्हणायचे. पुरे कर, एवढं कानडी मलाही कळतं.

मग माझी शाळा सुरू झाली. ट्रेलर जोडून गाडी मागे घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. स्टेअरिंग डावीकडे फिरवावं तर ट्रेलर उजवीकडे जातो. कुंभारीच्या माळावर मामांनी दोन विटा मांडल्या आणि त्यांच्यामधून मला मागे यायला लावलं. आठ दिवस मी त्या विटांचा चुराडा केला. मामा मागे उभे राहून फौजी आवाजात ओरडायचे, "डावं! डावं म्हंतो की अक्का!" माळावर शेरडं चारणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. नवव्या दिवशी ट्रेलर विटांमधून सरळ गेला. मामा म्हणाले, "वडायला बैलबी वडतंय. मागं घ्यायला आन् थांबवायला डोस्कं लागतंय." ही त्यांची शाबासकी.

पहिली मोठी फेरी सांगोल्याची होती. डाळिंबाची रोपं, आणि बांधावर लावायला मोठ्या पिशव्यांतली नारळाची. मामांनी बजावून ठेवलं होतं, "वजन चाकाच्या पुढं भरायचं. सकाळी म्या येतो, बगून मग निगू." पण मी पहाटेच ट्रेलर भरून टाकला, आणि भरला तो माझ्या वडिलांनी शिकवला तसा. बैलगाडी पुढे जड झाली की धुरजड, मागे जड झाली की उलाळ. वडील म्हणायचे, थोडी उलाळ चालेल, बैलाच्या मानेवर ओझं नको. फौजेत काय बैलगाड्या होत्या, असं म्हणून मी जड नारळ सगळे मागे रचले. पिकअपवर भार नको, ही माझी अक्कल.

मामा आले तेव्हा वर जाळी बांधून झाली होती. "वजन पुढं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. पुन्हा भरायचं म्हणजे दोन तास गेले असते, ऊन चढलं असतं, रोपं कोमेजली असती. मी म्हटलं, "हो मामा, पुढेच आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "चला" म्हणून शेजारी येऊन बसले.

मंगळवेढ्याच्या अलीकडे नदीच्या पुलाकडे जाणारा उतार आहे. तिथे ट्रेलर हलायला लागला. आधी थोडा, मग असा की आरशात तो एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे, आणि पिकअपची मागची बाजूही त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली. समोरून उसाचा ट्रक येत होता. माझा पाय ब्रेककडे गेला. मामा अगदी हळू बोलले, "ब्रेक न्हाय. पाय काडा. स्टेरिंग सरळ धरा. बास, तसंच." ट्रक शेजारून गेला. गाडी आपोआप मंदावली, ट्रेलर शांत झाला. कडेला थांबवली तेव्हा माझ्या अंगाला कापरं भरलं होतं.

मामा उतरून मागे गेले, जाळी उचलून बघितली आणि परत आले. आता माझी पूजा बांधणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "चूक माजी हाय. म्या खाली शिरून बगितलं न्हाय." मग विचारलं, "असं का वं भरलं?" मी वडिलांची गोष्ट सांगितली. ते खळखळून हसले. "बैलाला मान हाय, अक्का. हुकाला न्हाय की. त्येला भार लागतोय, तवाच तो मागच्याला धरून ऱ्हातोय." आम्ही दोघांनी भर उन्हात रस्त्याच्या कडेला सगळी रोपं उतरवून पुन्हा भरली. त्या वयात ते नारळाची एकेक पिशवी कवेत घेऊन चढवत होते. सांगोल्याला शेतकरी उशीर झाला म्हणून कुरकुरले, तर मामा पुढे होऊन म्हणाले, "माज्यामुळं झाला." एकही रोप पिचलेलं नव्हतं. तेच शेतकरी आज माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहेत.

"पुढेच आहे" हे माझं खोटं मी कधी कबूल केलं नव्हतं, पण ते माझ्या मनातून गेलं नाही. दोन वर्षांनी मामा अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून सांगून टाकलं, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. चूक तुमची नव्हती."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "जाळी उचलली तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचे हात कापत हुते. तवा बोल्लो असतो तर पुन्ना स्टेरिंगला हात लावला नसता तुमी." थोडा दम घेऊन म्हणाले, "आन् मग रोपं कोन पोचीवनार?"

माझ्या चुकीचा भार त्या माणसाने दोन वर्षं मुकाट्याने आपल्या नावावर घेतला होता, माझं काम माझ्या हातात राहावं म्हणून. एवढं माझ्यासाठी माझ्या रक्ताच्या माणसांनीही केलेलं नाही.

चार दिवसांनी मी करकंबला रोपं घेऊन गेले होते. तिथे पोचते न पोचते तोच मामींचा फोन आला. मामा गेले होते. गाडी तशीच फिरवते, असं मी म्हटलं, तर मामींनी मला थांबवलं. "माती सांच्याला हाय. रोपं उतरवून ये, बाय. त्यांनी त्येच सांगितलं असतं."

मी एकेक रोप हाताने उतरवलं, एकही मोडू दिलं नाही, आणि मग ट्रेलरच्या सावलीत बसून पोटभर रडले.