तुम्ही फक्त हात चालवा

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं फिटर होतो. आम्ही जुने लोक रोह्यात कुणाच्या लग्नाला भेटलो की ताटं बाजूला राहतात आणि किस्से सुरू होतात. एकाचा संपायच्या आत दुसऱ्याला आठवतो. पोरंबाळं हसतात. माझं मात्र अजून डोकं तापतं! आमचे मोठे साहेब पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले होते, "डोकं आम्ही चालवू. तुम्ही फक्त हात चालवा."

*

मोकलदादा आमचे सीनियर फिटर. रामवाडीला कंपनीच्या बसमध्ये चढायचे. बस रोज दहा मिनिटं उशिरा पोचायची आणि अख्ख्या बसला लेटमार्क! दादांनी ऑफिसात सांगितलं, "बस दहा मिनिटं आधी सोडा ना."

"टायमिंग बदलायला हेड ऑफिसची मंजुरी लागते."

दोन महिने वाट बघून दादांनी ड्रायव्हरसमोरचं घड्याळच दहा मिनिटं पुढं केलं. दुसऱ्या दिवसापासून बस वेळेवर!

महिन्याभरानं नोटीस बोर्डावर लागलं : साहेबांच्या कडक शिस्तीमुळे बस वेळेवर येऊ लागली, अभिनंदन!

*

पॅकिंगला सुगंधाबाई होती. ड्रमांवरची लेबलं गळून पडायची, माल परत यायचा. ती सुपरवायझरला म्हणाली, "ड्रम गरम असतो ना सायेब. थंड झाल्यावर चिकटवूया, पडायची नाय."

"तुला काय कळतंय गो? लाव गप!"

मग पुण्याहून टायवाला सल्लागार आला. दोन दिवस फिरला, त्यातला अर्धा तास सुगंधाबाईशी बोलला. त्याच्या रिपोर्टात काय? 'लेबल ड्रम थंड झाल्यावर लावावे.' साहेबांनी टाळ्या वाजवल्या! वर ते शिकायला सुगंधाबाईलाच कँटीनमध्ये ट्रेनिंगला बसवलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी त्याला सगळं सांगितलं व्हतं. मेल्यानं अर्धंच लिवलंय!"

*

त्याच वर्षी गेटवर पेटी लागली, 'आपल्या सूचना येथे टाका.' आम्ही वेड्यासारख्या चिठ्ठ्या टाकल्या. पेटी कुणी उघडेना. शेवटी इतकी भरली, की चिठ्ठी आत जाईना. दादांनी ऑफिसात जाऊन तक्रार केली, "सायेब, पेटी भरलीय."

साहेबांनी ताबडतोब दखल घेतली. दुसरी, मोठी पेटी बसवली!

*

पण ॲसिडच्या पंपाचा किस्सा आजही कुणी हसत सांगत नाही. पंप गळायला लागला तर बंद करायचा व्हॉल्व पंपाच्या मागं. म्हणजे उडत्या ॲसिडमधून पलीकडं हात घालायचा! आमचा गजा तसाच गेला आणि कोपरापर्यंत भाजला.

दादांनी तीनदा लिहून दिलं, की व्हॉल्वच्या चाकाला लांब दांडा जोडू, भिंतीला भोक पाडून बाहेर काढू, तिथूनच बंद करता येईल. तिन्ही वेळा उत्तर एकच, "बघू."

एका रविवारी दादांनी भंगारातला पाइप कापला आणि दांडा बसवला. सोमवारी हातात मेमो : 'कंपनीच्या मालमत्तेत विनापरवानगी फेरफार.' दांडा काढायचा हुकूम सुटला, पण तो काढायलाही मंजुरी लागत होती!

ती यायच्या आत, भर दुपारी पंपाचं सील फुटलं. त्या दिवशी पॅकिंग बंद, म्हणून सुगंधाबाई आणि आणखी दोघी जणी पंपाच्या खोलीत जमीन धूत होत्या. धुराचा लोट उठला. दादा बाहेरून दांड्याला लोंबकळले, फिरवत राहिले. तिघी खोकत बाहेर आल्या. अंगावर एक थेंब नव्हता.

चार दिवसांनी साहेबांनी दादांना केबिनमध्ये बोलावलं. मीही बरोबर होतो. म्हटलं, आता तरी पाठ थोपटतील. साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. "मोकल, मेमोचं उत्तर राहिलंय. माफी लिहा."

दादा माझ्याकडं बघून हसले, तसे ते कधी हसत नसत. मग खाली बसले आणि सावकाश लिहिलं :

'चूक झाली. यापुढे पंप फुटल्यास आधी परवानगी मागेन. ती मिळेपर्यंत साहेबांनी पंपाजवळ उभे राहावे.'