खळ दिलेली मूठ

मी एके काळी ठोसेबाज होतो असं सांगितलं की घरातली मंडळी आधी माझ्या पोटाकडं बघतात आणि मग एकमेकांकडं. त्यांचंही बरोबर आहे. आयुष्यात मी जेवढे ठोसे मारले त्यातले बहुतेक ज्वारीच्या भुशाच्या पोत्याला मारले, आणि जिंकलं तेही पोतंच.

सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली तालमी होत्या. आमच्या तालमीत चालायची कुस्तीच, पण पलटणीतून परत आलेले एक वस्ताद होते, जेऊरकडचे. गोऱ्या सोजिरांचं बघून ते मुष्टियुद्ध शिकले होते आणि कुणी तयार असेल त्याला शिकवायचे. कुस्तीत मला कुणीही यावं आणि पाठीवर टाकावं अशी गत होती, म्हणून मी त्यांच्याकडं वळलो. उभ्यानं मार खाल्ला तर निदान अंगाला माती लागत नाही.

घर विणकरांचं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडलांना आम्ही नायना म्हणायचो. त्यांचं काम सांधणीचं. मागावरचा ताणा संपत आला की त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचं टोक चिमटीत धरून, पीळ देऊन जोडायचं. ढीगभर धागे, आणि गाठ म्हणून कुठं दिसता कामा नये. नायनांची नजर अधू व्हायला लागली होती, म्हणून ते काम त्यांनी माझ्या हातात उतरवत आणलं होतं. माझ्या उजव्या हातावर पुढं घर चालायचं होतं. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ताटात भाकरी आधी मला पडायची.

असला हात घेऊन पोत्यावर काय आपटतोस, असं नायना विचारतील अशी माझी खात्री होती. पण उलटंच झालं. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला हा किडकिडीत माणूस संध्याकाळी तालमीच्या दाराशी येऊन उभा राहायचा. मी ठोसा मारला की त्यांचा खांदा हलायचा.

रेल्वेच्या चाळीतल्या पोरांशी दिवाळीनंतर सामना घ्यायचं ठरलं. मला भलताच जोर चढला. पोत्यात भुशाबरोबर वाळू होती, ती बसून बसून तळाशी दगड झाली होती. माझा नेम मुळातच खाली. मधल्या बोटाच्या मुळाशी कट्‌कन वाजलं आणि बघता बघता हात पुरीसारखा फुगला.

वस्तादांनी हात हातात घेतला. "बोटं पसर. न्हाय येत? मग आता ह्या हातानं माशीबी मारायची न्हाय. मऊ धोतराची पट्टी बांध, सैल. बोटं हलती ठेव. मिठाच्या कोमट पाण्यात हात बुडवत जा."

"सामना हाय की, वस्ताद!"

"पुढल्या साली बी सामना हाय. तवर डावा हात चालव, पाय चालव." एवढं सांगून ते ज्वारीच्या पेरणीला गावी गेले.

मी पट्टी बांधून तालमीच्या कट्ट्यावर बसू लागलो. पोरं कशाला सोडतायत! "काय नवरीबाई, मेंदी वाळली का?" "हात लावू नका रे, पुसंल!" मी हसायचो. दारातले नायना हसत नव्हते.

एके दिवशी सकाळी गल्लीत ताणा पसरला होता आणि नायना कुंच्यानं त्याला खळ देत होते. शिजवलेल्या पिठाची ती पेज सुतावर वाळली की सुताला ताठपणा येतो. त्यांनी माझी पट्टी बघितली.

"हे काय बांधलंय? ह्यापेक्षा गळ्यातलं उपरणं बरं."

"वस्ताद म्हणाले, सैल ठेव."

"वस्ताद पलटणीतला माणूस. त्याला खळ काय ठाऊक? कच्चं सूत बोटानं तुटतं, खळ दिली की तेच मागाचा मार खातं. खातं की नाही? वळ मूठ."

मी वळली. दुखलं, पण वळली. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी इतक्या सुबक गुंडाळली की दुकानात मांडावी. थरावर थर, थराला खळ. मग मी अर्धा दिवस उन्हात हात धरून बसलो, वाळवणासारखा. संध्याकाळी मूठ लाकडासारखी वाजायला लागली. पोत्यावर मारून बघितलं, तर दुखतच नाही! गल्ली गोळा झाली. मी रोज मारत सुटलो, आणि समोर पोतं धरून कोण उभं? नायना. इतकं खूष मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

पेरणी आटपून वस्ताद आले. त्यांनी माझ्या मुठीवर दारावर वाजवावं तसं वाजवलं. "ही कुणाची अक्कल?"

"माझी," मी म्हणालो. "माझी," नायनाही म्हणाले.

गरम पाण्यात भिजवून पट्टी सोडवली. आंबूस वास सुटला. आतला हात वळलेलाच राहिला, सांगूनही उघडेना. हाड आतल्या आत वाकडं बसलं होतं. वस्तादांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. बघत मात्र होते नायनांकडं. वडीलधाऱ्याला ते काही बोलू शकत नव्हते.

हाडवैद्य झाला, तेल झालं. पुढं मूठ सुटली, पण मधलं बोट आकड्यासारखंच राहिलं आणि चिमटीतला जोर गेला. माझ्या जागी लढलेला पोरगा नाक सुजवून परतला. त्या नाकाचा मला हेवा वाटला.

मी सुताच्या दुकानी गाठोडी उचलायला लागलो. सांधणी नायनांनीच पुढं ओढली, पापण्या धाग्याला लागतील इतकं वाकून. तेव्हापासून चहा असो, पानाचा विडा असो, ते माझ्या डाव्या हातात द्यायचे. उजव्याचा विषय घरात कधी निघाला नाही. त्यांना दुखवायचं नाही म्हणून मी गप्प राहिलो, आणि हा मोठा समजूतदारपणा आहे अशी माझी समजूत होती. आता वाटतं, एकदा तरी कडाकडा भांडायला हवं होतं. ते माझ्या भांडणाची वाट बघत असतील, हे मला ते गेल्यावर सुचलं.

त्याच काळात एका दुपारी ते सांधणीला बसले होते आणि मी समोर टोकं धरून होतो. मध्येच थांबून त्यांनी माझा उजवा हात ओढला आणि चिमटीत एक धागा ठेवला. तो निसटला. त्यांनी पुन्हा ठेवला, माझी बोटं स्वतःच्या बोटांनी दाबून धरली. सोडल्यावर पुन्हा निसटला.

"राहू द्या, नायना. उजेड गेलाय," मी म्हणालो. बाहेर टळटळीत ऊन होतं.

"हो," ते म्हणाले, "गेला खरा."