नळासमोरची भिंत

बावन्न सालच्या निवडणुकीत रत्नप्रभा ठेवणीतलं लुगडं नेसून मत द्यायला गेली आणि तशीच परत आली. घाटकोपरच्या शाळेत मतदान होतं. कारकुनाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मान हलवली.

"खोली नंबर सात ना? इथे 'धाकू राणे यांची पत्नी' एवढंच लिहिलं होतं. नुसती पत्नी चालत नाही. खोडलंय."

"पण मी समोर उभी आहे ना!"

"नाव नाही, बाई. पुढे चला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ते तिला लागलंच, पण त्याहून जास्त सलत होती दुसरी गोष्ट. नावं लिहायला सरकारी माणूस चाळीत आला, तेव्हा ती घरातच होती, दाराआड. थोरल्या दिरांनी तिचं नाव सांगितलं नाही आणि तिनेही तोंड उघडलं नाही.

रत्नप्रभा मूळची कणकवलीकडची. तिचे वडील गणपतीच्या आधी घरोघरच्या भिंती रंगवायचे; गेरू, चुना आणि नीळ, एवढ्यावर मोर आणि वेली उभ्या करायचे. ती कला पोरीच्या हातात उतरली होती. लग्न होऊन ती डोंगराखालच्या या चाळीत आली. धाकूची गिरणीतली नोकरी संपात गेली, तेव्हापासून तो साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथ यंत्रावर कामाला होता. चाळीत लग्न निघालं की दारावर चित्रं काढायला रत्नप्रभालाच बोलावणं यायचं. पण बोलावणारेसुद्धा म्हणायचे, "धाकूच्या बायकोला सांगा."

छप्पन साली पुन्हा याद्या सुरू झाल्या. शेजारची प्रेमा बातमी घेऊन आली. "पलीकडच्या चाळीत लिहून झालं गं. बायकांची परत तीच तऱ्हा. अमक्याची आई, तमक्याची बायको. आपल्याकडे पुढच्या आठवड्यात येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका सार्वजनिक नळावर हंडे घेऊन उभ्या असताना रत्नप्रभा चुन्याची बादली आणि गेरूचा डबा घेऊन आली. नळासमोर चाळमालकाच्या पडीक गोदामाची लांब, काळवंडलेली भिंत होती. तिच्यावर तिने माणसाएवढी बाई काढली. कमरेवर हंडा, मान ताठ, डोळे बघणाऱ्यावर रोखलेले. चौथीपर्यंत शिकली होती, तेवढं पुरे झालं. पायाशी तिने ठसठशीत लिहिलं: रत्नप्रभा धाकू राणे. वय एकतीस. खोली सात.

रांगेतून खाणीवर खडी फोडणारी शेवंती पुढे आली. "माझं काढतेस? पण हंडा नको. हातोडा दे हातात."

"नाव कुठलं लिहू? माहेरचं की सासरचं?"

"शेवंतीच लिही. सासरी यशोदा ठेवलं होतं, पण त्या नावाने कुणी कधी हाकच मारली नाही."

म्हातारी सुगंधाआजी बराच वेळ पायरीवर बसून होती. तिला गेली तीस वर्षं कुणी नावाने हाक मारली नव्हती. शेवटी तिने स्वतःचं नाव सांगितलं, तेही नव्या नवरीसारखं लाजत.

चार दिवसांत एकोणीस बायका भिंतीवर उभ्या राहिल्या आणि घराघरांत भांडणं पेटली. धाकूही तणतणत आला. "वर्कशॉपात लोक माका हसतत. घरातला नाव रस्त्यार कित्याक?"

"घरातला नाव घरात तरी खय होता?" रत्नप्रभा म्हणाली. "तू माका कधी नावान हाक मारलंस?"



पाचव्या दिवशी मालकाचा मुकादम काशीराम दोन माणसं आणि सफेदीची पिंपं घेऊन हजर झाला. रत्नप्रभा धावत पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त भिंत पांढरी झाली होती. शेवंतीचा नुसता हातोडा उरला होता.

"मालकाची भिंत आहे," काशीराम म्हणाला. "मालकाचा हुकूम."

रत्नप्रभा म्हणाली, "पुसा. सगळी पुसा. मळक्या भिंतीवर गेरू नीट उठत नव्हता. पांढऱ्यावर झकास दिसेल."

संध्याकाळपर्यंत चित्रं परत उभी होती. या वेळी रत्नप्रभा एकटी नव्हती. ज्या आजवर नाक मुरडत होत्या, त्याही पुसलेलं बघून चिडून आल्या. लिहिता येत होतं त्यांनी आपलं नाव आपणच लिहिलं. बाकीच्यांचा हात शेजारच्या प्रेमाने धरून नावं गिरवून घेतली. एकेचाळीस बायका झाल्या.

सकाळी काशीराम लालबुंद. "पोलिसात तक्रार देईन एकेकीची!"

"दे ना रे," रत्नप्रभा म्हणाली. "तक्रारीत आमची नावं लिहावी लागतील. सगळी समोर आहेत, बघून लिही."

नळावर हशा पिकला. काशीराम गेला तो परत आला नाही.

पुढच्या सोमवारी नंदकिशोर नावाचा तरुण कारकून यादीची वही घेऊन आला. पहिल्याच दारात त्याने पुरुषाला विचारलं, "घरात बाया किती?"

"बायांची नावं भिंतीवर आहेत," रत्नप्रभा मागून म्हणाली. "तिकडे चला."

"भिंतीवरून नावं घ्यायचा नियम नाही, बाई."

"घेऊ नयेत असा आहे?"

त्याने सूचनांचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "प्रत्येकीने आपल्या चित्रापुढे उभं राहून स्वतः सांगायचं. मग लिहितो."

दोन तास तो उन्हात लिहीत होता. सुगंधाआजीने नाव इतक्या मोठ्याने सांगितलं की तो दचकला. फक्त वसुधाच्या पाळीला तिचा नवरा आला आणि दंड धरून तिला घेऊन गेला. नंदकिशोर चित्राकडे बघत राहिला, पण चित्राचं नाव लिहिता येत नाही. "मग हे पुसून टाकू या का?" कुणीतरी विचारलं. "हात लावून बघा," रत्नप्रभा म्हणाली. त्या दिवशी जिंकल्यासारखं तिला वाटलं नाही.

निवडणूक जवळ आली तशी एका उमेदवाराची माणसं रंग घेऊन भिंतीपाशी आली. त्यांना आपली निशाणी काढायची होती. बायकांनी हंडे आडवे लावले. "आधी नळाला दोन वेळा पाणी आणा, मग भिंत मागा." माणसं रंग घेऊन परत गेली.

सत्तावन्न साली चाळीतल्या चाळीस बायका एकत्र मत द्यायला गेल्या. यादीत सातव्या खोलीपुढे पूर्ण नाव होतं. बोटाला शाई लावून रत्नप्रभा घरी आली, तर धाकू दारातच वाट बघत उभा.

"रत्नप्रभा," तो अडखळत म्हणाला, "कोणाक दिलंस मत?"

"तुका कित्याक सांगू?" ती म्हणाली आणि त्याला बाजूला सारून आत गेली.