पाडव्याला कारंजं चालू होणार

माईक हातात आला की काका आधी डोळे मोठे करून गर्दीवरून नजर फिरवायचे आणि मग म्हणायचे, "बसा की! तुमी बसल्याबिगर पानी उठणार न्हाय!"

आठवलं ना? सोलापूरचे असाल आणि हायवेवरच्या त्या रिसॉर्टला एकदा जरी संध्याकाळी गेला असाल, तर हा आवाज तुमच्या कानात असणारच! दिवसा तिथं नुसत्या पाण्याच्या घसरगुंड्या. खरी मजा अंधार पडल्यावर. गाण्यावर नाचणारं रंगीत कारंजं, भूतबंगला, दिव्यांची आगगाडी, आणि या सगळ्याला आवाज काकांचा. मी सुट्टीच्या दिवशी तिथं मक्याची कणसं भाजायला असायचे, त्यामुळे मला तर सगळं पाठ.

एकच गोष्ट चार भाषांत सांगायचे, राव! मराठी झालं की पूर्व भागातल्या लोकांसाठी तेलुगूत, "अंदरू कूर्चोंडी!" अक्कलकोटकडच्यांसाठी कानडीत, "एल्लारू कुंदर्री!" आणि शेवटी, "बैठो भाई, कारंजा भाग के नै जाता!" मी विचारलं, कुठं शिकलात? तर म्हणाले, "दोन गल्लीत, एक सासुरवाडीत. मराठी तेवढी साळंत, म्हणून ती कच्ची हाय."

एकदा गाणं सुरू व्हायच्या आधी सगळं शांत. काका माईकवर म्हणाले, "तिसऱ्या ओळीतल्या मावशी, कडक भाकरी जरा दमानं मोडा. हितं माईकमधी ऐकू येतंय." सगळे हसायला लागले. मावशी उठल्या आणि थेट काकांच्या हातावर भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून आल्या. "आता तुमीबी मोडा," म्हणाल्या.

आणि एकदा भूतबंगल्यात लाईट गेली. आत खरोखरचा आरडाओरडा. काका बाहेरून माईकवर एवढंच म्हणाले, "कुणी हलू नका. दोन मिंटात लाईट येतीय, मी हितंच उभा हाय." आणि माणसं थांबली! नंतर मला म्हणाले, "मी बोललो की लोकं ऐकत्यात. म्हणून लई जपून बोलावं लागतंय, पोरी."

मग ती संध्याकाळ. आमचे मॅनेजर साहेब आले. "काका, आज सांगून टाका. दुरुस्तीसाठी बंद, दिवाळीच्या पाडव्याला कारंजं पुन्हा चालू."

"नक्की का साहेब? मी बोललो की लोकं येणार हं."

"शंभर टक्के, काका!"

काकांनी सांगितलं. चारही भाषांत. वर आपल्या पदरचं एक जोडलं, "नाय चालू झालं तर मला धरा!" टाळ्या काय पडल्या! मी पण वाजवल्या.

आता ऐका. त्याच दिवशी दुपारी कारंज्याचे पंप बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. तिथं लग्नाचं लॉन करायचं आधीच ठरलं होतं! हे आमच्या इलेक्ट्रिशियननं मला पाडव्याला सांगितलं, तोवर खड्ड्यात मुरूम भरून वर हिरवळ अंथरलेली. काका तेव्हाच आत आले. नवा शर्ट, कडक इस्त्री. हिरवळीकडं बघत उभेच राहिले.

साहेब म्हणाले, "प्लॅन बदलला, काका. गेटवर लोक जमलेत. सांगा ना, उन्हाळ्यात चालू करतोय. तुमचं ऐकतात ते."

हद्द बघा की माणसाची! काकांनी माईक घेतला नाही. चालत गेटवर गेले आणि तसंच, घसा ताणून, सांगायला लागले. "बंद हाय. कायमचं बंद हाय. मीच या म्हणालो हुतो. माफ करा." मग तेलुगूत. मग कानडीत. अक्कलकोटकडून एक अख्खं घर टेम्पो करून आलं होतं, पोरं नव्या कपड्यांत. त्यातले आजोबा म्हणाले, "तुमच्या भरवशावर आलो की ओ आमी."

काका तिथूनच वळले. चौथ्या भाषेत सांगायचं राहूनच गेलं. साहेबांनी वॉचमनला पाठवलं, तोवर ते स्टँडच्या रस्त्याला लागले होते. मीही त्या दिवसानंतर तिकडं गेले नाही. कोण जाईल?

पुढं माझ्या ताईचं लग्न ठरलं, आणि मी हट्टानं काकांच्या घरी गेले. "माईक तुम्हीच घ्यायचा!"

"वाढायला येतो की," काका म्हणाले. "बोलायला नको."

आले. जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरले. आपल्याकडं वाढपी म्हणजे कसा, "घ्या हो, एक तरी घ्या, आमची शपथ," असा पाहिजे. माझ्या मामांना जिलेबी लई आवडते. त्यांनी रीतीप्रमाणं पानावर हात आडवा धरला आणि आग्रहाची वाट बघत हसत बसले.

काकांनी तो हात बघितला, मान हलवली आणि पुढच्या पानाकडं गेले.