विहिरीतली घोडी

आमच्या उमेळ्याच्या वाडीत केळी, पानवेली आणि मोगऱ्याचे दोन वाफे होते. सगळ्याला पाणी एकाच विहिरीचं. वडिलांचा नियम असा की सकाळी दोन तास मोटार चालवायची आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीला हात लावायचा नाही. "तिला भरू दे," म्हणायचे. नियम बैलाच्या रहाटाच्या काळातला. त्यांनी तो मोटारीलाही लावला होता.

व्होल्टेज पडलं की मोटार जळायची, आणि सायकलला बांधून स्टेशनजवळच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे जायची. मी सोबत जायचे आणि तिथेच बसून राहायचे. जळकी तार काढताना काका आधी तिचे वेढे मोजत, कारण नवी तार तितक्याच वेढ्यांची भरावी लागते. एकदा मध्येच गिऱ्हाईक आलं आणि त्यांची मोजणी चुकली.

"बासष्ट," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मोजले. बासष्टच भरले. "रविवारपासून ये," ते म्हणाले. "पण बडबड नको."

दोन वर्षं दर रविवारी गेले. दहावीची परीक्षा झाली तेव्हा मला आख्खी मोटार भरता येत होती. नव्वदीचं दशक होतं, वर्गातल्या मुली बालवाडी शिक्षिकेचा कोर्स बघत होत्या. मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. फॉर्म आणला, भरला. पालकाची सही तेवढी राहिली.

त्याच आठवड्यात मोटार जळली. काका आजारी, दुकान बंद.

"इंजिनेरबाई," वडील म्हणाले, "ही चालू करून दाखव. लगेच सही."

काकांच्या घरून किल्ली आणली. चार दिवस लागले. खाचांत कागद घालायचा, कागदात तार, वरून बांबूच्या पट्टीने दाबायचं. वार्निश पाजून मोटार उन्हात वाळवली. पाचव्या दिवशी बटण दाबलं. मोटार छान फिरली, पाणी मात्र येईना. मे महिना होता, विहीर खाली गेली होती, आणि काठावरचा पंप तेवढ्या खोलातलं पाणी ओढू शकत नाही. पंपालाच खाली न्यावं लागतं.

मग मी घोडी केली. गोठ्याच्या जुन्या लोखंडी पट्ट्यांची चौकट, चार कोपऱ्यांना चार साखळ्या, वर कप्पी. नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर काढला, जोडकाम ग्रिलवाल्याकडून करून घेतलं. पंप चौकटीवर बसवायचा आणि पाणी जाईल तसा फूटफूट खाली सोडायचा. पहिल्याच दिवशी दंडाएवढी धार आली.

"सही?"

"करतो ना. फॉर्म कुठं पळतोय?"

ती धार रस्त्यावरून एका टँकरवाल्याने पाहिली. स्टेशनच्या पूर्वेला इमारती उठत होत्या, त्यांना पाणी हवं होतं. सकाळी एक टँकर भरू लागला, मग संध्याकाळीही एक. विहीर भरू द्यायचं कुणी बोलेना. पाणी खाली गेलं की वडील मला हाक मारत, मी घोडी फूटभर उतरवायचे. मलाही कुणी जबरदस्ती करत नव्हतं. माझी वस्तू चालते आहे, याचाच मला आनंद होता.

फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी कागद आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"तू गेलीस तर घोडी कोन उतरवनार?"

"काका बघतील."

"काकाला उठायला होत नाही. तू हायस ना घरात."

आई म्हणाली, "पोरीला शब्द दिलाय तुम्ही."

"मग? मोडला काय? पुढच्या वर्षी."

मी आर्ट्‌सला गेले. कॉलेज दुपारचं होतं. सकाळ-संध्याकाळ मोटार बघता येत होती.

पुढच्या मेमध्ये चहा फाटला. आईने दूधवाल्याला झाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटला, तेव्हा मी विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं. खारट. खाडी आमच्यापासून लांब नाही. गोडं पाणी उपसून संपवलं की खालून खारं वर येतं. शाळेच्या पुस्तकात ते होतं, वडिलांना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. टँकरवाल्याने एक चूळ भरली, थुंकला, आणि पुन्हा आला नाही. पानवेलींच्या कडा करपल्या. दिवाळीपर्यंत मांडवाला फक्त दोऱ्या उरल्या होत्या.

"तुझ्या घोडीने खाल्ली विहीर," वडील एकदाच म्हणाले. घोडी मीच उतरवली होती, एकूण अकरा फूट. फॉर्मचा विषय त्यानंतर आईनेही काढला नाही.

सात-आठ वर्षांनी वाडी बिल्डरला गेली. माझं लग्न झालं होतं. वडिलोपार्जित वाडीची वारस म्हणून माझीही संमती लागत होती, म्हणून वडील कागद घेऊन माझ्या फ्लॅटवर आले.

"इथं कर, आन इथं."

"विहिरीचं काय?"

"बुजवली. डेब्रिज टाकलं."

"आणि घोडी?"

"ती कोन काढनार? साखळ्या गंजलेल्या. ऱ्हायली खाली."

मी दोन्ही जागी सही केली. त्यांनी कागद तपासले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि प्यायला पाणी मागितलं. आमच्याकडे त्या दिवशी टँकर आला नव्हता. शेजारून तांब्याभर आणून दिलं.