यादीत नसलेलं वाक्य

आमच्या काकांनी एकोणीस वर्षं लोकांचे शब्द गिळले. नोकरीच तशी होती. रेडिओ केंद्रावर थेट कार्यक्रम चालू असताना निवेदकाच्या किंवा फोनवरच्या एखाद्या तापलेल्या श्रोत्याच्या तोंडून भलतासलता शब्द गेला, तर तो लोकांच्या कानावर पडायच्या आत उडवायचा. त्यासाठी आत बोललेलं सगळं सात सेकंद उशिरा बाहेर जायचं. तेवढ्यात काकांनी समोरचं तांबडं बटण दाबलं, की शब्दाच्या जागी नुसतं 'टूं' ऐकू यायचं. त्या बटणाला केंद्रात सगळे 'गिळणी' म्हणत आणि काकांना गिळणीवाले.

काय गिळायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायचा अधिकार मात्र काकांना नव्हता. त्यासाठी एक यादी होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेली, त्रेचाळीस शब्दांची. त्यातले बरेचसे शब्द तुम्हाला माहीत आहेत आणि ते मी इथे लिहिणार नाही, कारण हे माझी आई वाचणार आहे. पण काही शब्द अगदीच बापुडवाणे होते. एकतिसावा शब्द होता 'मेल्या'. कुण्या बड्या अधिकाऱ्याच्या निधनाची बातमी संपते न संपते तोच पुढच्या कार्यक्रमातला निवेदक आपल्या मित्राला "काय रे मेल्या" म्हणाला होता. त्यावर एवढा गहजब झाला, की शब्द यादीत गेला तो गेलाच. काकांना विचारलं तर म्हणायचे, "डोकं मी वापरत नाही, ते यादी वापरते." यादी कसलं डोकं वापरते, असं म्हणून आम्ही त्यांना हसायचो. पण त्यांना त्या वाक्याचा अभिमान होता.

आता काकूबद्दल सांगते. काकू बावीस वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर होती. एका छपराखाली दीडशे माग आणि कानात घालायला कापसाचा बोळा, तोही स्वतःचा स्वतः आणलेला. चाळिशी ओलांडेपर्यंत तिचा डावा कान पूर्ण गेला आणि उजवा नावापुरता उरला. ती समोरच्याचे ओठ वाचते, आणि इतकं झकास वाचते, की समोरच्या घरात खिडकीपाशी चाललेलं भांडण ती आम्हाला रस्त्यापलीकडून सांगते. रेडिओवाल्याची बायको असून तिने नवऱ्याचं केंद्र आयुष्यात नीट ऐकलं नव्हतं.

काकू रागावली की आवाज चढवत नाही. तोंड फिरवते. तिने तोंड फिरवलं की नवऱ्याचं बोलणं आपोआप बंद. काका मग तिला वळसा घालून समोर यायला बघत आणि काकू जागच्या जागी वळत राही. हे मी लहानपणापासून बघत आलेय. माफी मागायची तरी कुणाच्या तोंडाकडे बघून, असा काकांपुढे मोठाच पेच असे.

सकाळच्या कार्यक्रमाचा निवेदक होता भोंगा. हे नाव केंद्रातल्या लोकांनीच ठेवलेलं. माणूस वाईट नव्हता, पण गप्प बसलं तर जीव जाईल अशी त्याला भीती असावी. एका मंगळवारी त्याने बातमी वाचली, की कापड कारखान्यातल्या कामगारांनी कानाची यंत्रं मागितली आहेत. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "अहो, यंत्रं कशाला हवीत? बायकोची कटकट ऐकू येत नाही, एवढं सुख पदरात पडलंय, ते कशाला घालवता?"

काकांनी हे बाहेर जायच्या सात सेकंद आधी ऐकलं. यादीतला एकही शब्द त्यात नव्हता. सगळे शब्द धुतलेले, स्वच्छ. त्यांनी बटण दाबलं नाही. आणि त्यांना हसू आलं.

त्या दिवशी पहिल्या तासात केंद्रावर तक्रारीचे दोन फोन आले. संध्याकाळपर्यंत मात्र कुणीतरी ते वाक्य कापून फोनाफोनी पसरवलं आणि बुधवारी सकाळी गाव पेटलं. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. माझ्यासमोर गाल सुजलेली माणसं बसून बोलण्याच्या स्वातंत्र्यावर भांडत होती. अर्धा जबडा बधिर असलेल्या एका गृहस्थांनी भोंग्याला भर चौकात उभं करावं असं सुचवलं, निदान मला तरी तसंच समजलं. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, की आज हा गप्प केला तर उद्या तुम्हाला करतील. कार्यक्रम कुणीच ऐकला नव्हता. केंद्राच्या फाटकासमोर फलक घेऊन लोक उभे राहिले आणि भोंग्याने वर्तमानपत्राला मुलाखत दिली. आता माणसाने विनोदही करायचा नाही का, असं त्याने विचारलं. त्याच दमात हेही म्हणाला, की चुकीचं काही बाहेर जाऊ नये म्हणून केंद्राने बटणावर माणूस बसवलाय, त्याला विचारा. म्हणजे बोलायचं स्वातंत्र्य याचं आणि बोललेलं निस्तरायला आमचे काका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्तमानपत्रात ते वाक्य जाड अक्षरात छापलं होतं. जे काकूपर्यंत हवेतून कधीच पोहोचलं नसतं, ते तिच्यावर झालेल्या अन्यायाची बातमी म्हणून घरपोच आलं. तिने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि काकांकडे बघून विचारलं, "तुम्ही हे ऐकलं होतंत?"

काका म्हणाले, ऐकलं होतं.

"हसलात?"

काकांची एक खोड आहे, त्यांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, आलं हसू. काकूने तोंड फिरवलं.

ह्या खेपेला ते फिरलेलंच राहिलं. दिवसांमागून दिवस गेले. जेवताना ती ताटाकडे बघे, चहा देताना कपाकडे. चुकलं माझं, एवढेच दोन शब्द काकांना म्हणायचे होते, पण म्हणायला समोर तोंडच नव्हतं. लिहून द्या, असं मी सुचवलं. तर म्हणाले, "चिठ्ठीत माफी मागायला मी काय साहेब आहे?"

तिकडे केंद्रातही त्यांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं होतं. निवृत्तीला नऊ महिने उरलेले आणि चौकशी समिती बसली. केंद्राच्या साहेबांनी त्यांना बोलावून वाट दाखवली. बटण अडकलं होतं असं लिहून द्या, यंत्राला काही शिक्षा होत नाही, सगळेच सुटू. काका म्हणाले, बटण ठीक होतं. मग त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात निवेदन लिहिलं: मी यादीप्रमाणे काम करतो, वाक्यात यादीतला शब्द नव्हता, म्हणून दाबलं नाही. साहेबांनी वाचलं, डोकं खाजवलं आणि ते खूश झाले. यादी वरिष्ठांनीच मंजूर केलेली, तेव्हा समितीला काही बोलता येणार नव्हतं. सोमवारी समिती हे मान्य करेल आणि काका नऊ महिने सुखाने काढून सन्मानाने घरी जातील, असं ठरलं. अट एकच. काका यादीबाहेर जात नाहीत, हे त्यांचं म्हणणं सोमवारपर्यंत टिकायला हवं.

सोमवारच्या आधी शनिवार होता. लोकांना शांत करायला केंद्राने भोंग्याच्या कार्यक्रमात कामगारांपैकी कुणाला तरी बोलवायचं ठरवलं. त्याने माफी मागायची, पाहुण्याने दोन शब्द बोलायचे आणि मग गाणं लावायचं. कामगार संघटनेने नाव कळवलं ते काकूचं. ऐकणं गेलं तरी तिचं बोलणं खणखणीत होतं आणि मागाच्या खात्यात तिच्या तोंडाला सगळे टरकून असत. काकांनी साहेबांना सांगितलं, की ही माझी बायको आहे. साहेब म्हणाले, "मग तर बरंच झालं, घरच्याच आहेत, जपून बोलतील." साहेबांचं लग्न झालेलं नसावं.

मी रजा टाकून काकूबरोबर गेले, कारण अडचण माइकची होती. भोंग्याच्या तोंडासमोर वांग्याएवढा माइक. त्यामुळे त्याचे ओठ काकूला दिसणार नव्हते. तो काय बोलतो ते मी पाटीवर लिहून दाखवायचं आणि तिने बोलायला केव्हा सुरुवात करायची, ती खूण काचेपलीकडून काकांनी करायची. काच जाड. पलीकडे माणूस बोंबलला तरी अलीकडे ऐकू यायचं नाही. काकूला काकांकडे बघावंच लागणार होतं. दहा दिवसांनी पहिल्यांदा.

भोंगा चांगला घामेजला होता. त्याने कागदावरून माफी वाचली. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर, वगैरे. मी पाटीवर 'माफी' एवढंच लिहिलं, कारण बाकी नुसता भुसा होता. काकूने मान वर केली. काचेपलीकडे काकांनी हात खाली आणला. एक हात. दुसरा बटणावर होता.

काकू बोलू लागली, बहिरी माणसं बोलतात तशी, जरा मोठ्यानेच. "आमच्या खात्यात सगळ्या बायकाच होत्या. मग कुणाच्या बायकोची कटकट? मला बावीस वर्षांत शेजारणीचं गाणं ऐकू आलं नाही. ती रोज गायची. तिचे ओठ हलताना दिसायचे, म्हणून कळायचं." भोंगा मान खाली घालून बसला होता. "बाहेर लोक म्हणतायत, याला काढा. काढू नका. हा घरी बसूनही हेच बोलणार, आणि तिथे उत्तर द्यायला मला कोण बोलावणार? याला इथेच बसू दे. बोलू दे. आणि माझ्यासारखीला पण समोर बसवा." मग ती भोंग्याकडे वळली. त्याचे डोळे भरले होते, तो माणूस खरंच रडवेला झाला होता. आणि आमच्या काकूने, मागावर चुकलेल्या पोरीला ती जसं म्हणायची तसं, त्याला म्हटलं, "रडतोस काय मेल्या? दुसऱ्याच्या कानावर हसायच्या आधी एकदा आपले कान बंद करून बघ."

'मेल्या'! यादीतला एकतिसावा.

मी काचेकडे बघितलं. काकूही बघत होती, पुढची खूण हवी म्हणून. काकांचं बोट बटणावर होतं. भोंग्याचं ते वाक्य त्याच बटणाखालून सुखरूप बाहेर गेलं होतं. दाबलं तर काकूच्या तोंडावर 'टूं'. न दाबलं तर सोमवारी समितीपुढे खोटं ठरायला निवेदन होतंच: मी यादीप्रमाणे काम करतो. काकांच्या कपाळावरची शीर मला इकडून दिसत होती. सात सेकंद म्हणजे फार मोठा वेळ असतो, हे मला तेव्हा कळलं. काकांनी हात उचलला, मांडीवर ठेवला आणि काचेपलीकडून तोंड मोठं करून म्हणाले, "बोल." त्यांचा हा शब्द मलासुद्धा वाचता आला.

काकू आणखी दोन मिनिटं बोलली. तिचं बोलणं संपायच्या आत फोन खणखणू लागले. सकाळच्या वेळी पोरंबाळं ऐकत असताना रेडिओवर असली भाषा! पहिल्याच तासात तक्रारीचे नऊ फोन आले. नवातल्या चौघांनी आपण परवा फलक घेऊन फाटकावर होतो, असं आवर्जून सांगितलं.

साहेब काकांच्या खोलीत आले तेव्हा मी दारात होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "गिळणीवाले, शब्द ऐकू आला नाही का?" बिचारे शेवटची वाट दाखवत होते. काका म्हणाले, आला. यादीत आहे ना, असं त्यांनी विचारलं, तर काका म्हणाले, आहे, एकतिसावा. मग साहेबांजवळ दाखवायला वाटच उरली नाही. समितीने काकांचं निवेदन बाजूला ठेवलं आणि त्यांना घरी बसवलं. भोंगा आहे अजून. बरा बोलतो आता, म्हणजे थांबून थांबून बोलतो.

पण सोमवारची गोष्ट सोमवारी. त्या शनिवारी आम्ही तिघं बसथांब्यापर्यंत चालत निघालो. काकू काकांच्या अर्धं पाऊल पुढे, मान वळवून, म्हणजे त्यांचं तोंड दिसेल अशी चालत होती. काय झालं ते तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"मी म्हटलं ते यादीत होतं?" तिने विचारलं.

काकांनी मान डोलावली.

"मग दाबलं का नाहीत?"

"तू बघत होतीस," काका म्हणाले.

"आणि बघत नसते तर?"

काका, काहीतरी गोड सांगा, असं मी मनात म्हणत होते. एवढी नोकरी घालवलीत, आता एक थाप मारायला काय हरकत आहे? काका चार पावलं चालले.

"दाबलं असतं," ते म्हणाले.

आता ही तोंड फिरवणार, असं मला वाटलं. काकू थांबली, पण तोंड त्यांच्याकडेच ठेवून थांबली. काकाही थांबले. मग त्यांचे ओठ हलले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, माझे दोन्ही कान शाबूत आहेत, रस्त्यावर गाड्याही नव्हत्या, पण मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणाले, असं मी काकूला विचारलं.

"तुला नाही म्हणाले," काकू म्हणाली, "मला म्हणाले."