मॅडमचा उपवास

समाजकार्याच्या आम्हा विद्यार्थिनींना फिल्डवर्कला नेणाऱ्या मॅडम थेरगावच्या गल्लीत शिरताना दर वेळी बजावतात, "मुलींनो, कोणाच्याही घरचा चहा नाकारायचा नाही. माणूस दुखावतो." गॅरेजवाल्या चाचांच्या घरी मात्र नेमका मॅडमचाच उपवास निघतो, वार कोणताही असो. उपवासाला चहा चालतो, हे माझ्यासारख्या इंग्लिश मीडियमवालीलाही माहीत आहे.

काल चाचींनी केळं पुढे केलं. "उपासाला चालतं ना, मॅडम? सोललेलं नाहीये."

मॅडमनी हसून ते पर्समध्ये ठेवलं.

तासाभराने डांगे चौकात त्या वडापाव खात होत्या. "तू चहा घेतलास ते रिपोर्टमध्ये लिही हं," मला म्हणाल्या.

मी केळ्याचंही लिहिलं. मार्क त्यांच्याच हातात आहेत, म्हणून ती ओळ खोडली. पण वाचता येईल अशी.